पंधरवड्याचा वाफा

माळशिरस तालुक्याचे नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो, आणि ते वावगेही नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेला हा मुलूख. भाटघरचे सध्याचे धरण १९२८ साली पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याने त्याचे पाणी इकडे आले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. १९३२ साली सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरचा साखर कारखाना स्थापन केला. पुढे अकलूज आणि सदाशिवनगर येथे सहकारी कारखाने झाले. आज कालव्याच्या अंगाने चालू लागावे तर कोसभर उसाखेरीज दुसरे काही दृष्टीस पडत नाही. अशा ठिकाणी राहून कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा आणि मोहरी यांविषयी लिहिणे म्हणजे लग्नघरात नवरदेवाला सोडून पंगतीच्या पाटापाण्याची चर्चा करण्यासारखे वाटेल. परंतु पाटापाण्यावाचून पंगत बसत नाही, हेही तितकेच खरे.

हे लिहिणाऱ्या आम्ही एकाच घरातल्या दोघी जावा. घरची जमीन सव्वाचार एकर. त्यांतील चार एकरांवर ऊस आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत भाजी, अशी वाटणी आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या काळापासून चालत आलेली. उसाचा पैसा मोठा खरा. पण आडसाली उसाला लावणीपासून तोडणीपर्यंत दीड वर्ष लागते, आणि बिल बँकेत जमा झाले तरी सोसायटीचे कर्ज आधी वळते होते. भाजीचा पैसा लहान. पण तो बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ओच्यात येतो. मीठमिरची, वह्या-पुस्तके, एस.टी.चा पास, आजारपणातले औषध, एखाद्या घरी द्यायचा आहेर, हे सारे त्या ओच्यातून भागते. ज्या घरात बाईच्या हाती आठवड्याला चार पैसे येतात, त्या घरात तिच्या शब्दालाही थोडे वजन येते, हे आमच्या वाचक भगिनींना निराळे सांगावयास नको.

२०१६ साली मामंजी देवाघरी गेले. त्यानंतर घरातल्या दोघा भावांनी हे दहा गुंठेही उसाखाली घ्यावेत, असा विचार काढला. त्यांचे म्हणणे अविचाराचे नव्हते. भाजीला माणूस रोज लागते, उसाला तेवढे लागत नाही. भाजीचा भाव आज आहे तर उद्या नाही. भाव कोसळला म्हणजे उभ्या कोबीत जनावरे सोडणारे शेतकरी आम्हीही पाहिले आहेत. गड्डे काढून बाजारात न्यावेत तर गाडीभाडेही सुटत नाही. भावांचे बोलणे संपल्यावर आत्याबाई एवढेच म्हणाल्या, “ऊस तुमचा, विहिरीजवळचं रान या दोघींचं. एक वर्ष त्यांना वही लिहू द्या, मग बोला.” त्या वहीने आम्हांला जे शिकवले, ते येथे मांडावे असे मनात आहे.

प्रथम या भाज्यांची ओळख. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि आता शहरांतून मागणी असलेली ब्रोकोली ही दिसावयास चार पिके. पण वनस्पतिशास्त्र सांगते की ती एकाच जातीची भावंडे आहेत. युरोपच्या समुद्रकाठी उगवणाऱ्या एका रानटी झाडातून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत ती घडवली. कोणी पानांचा गड्डा वाढवला, कोणी फुलांचा दांडा, कोणी खोडाचा कंद. मोहरी आणि मुळा हे त्याच कुळातले जवळचे आप्त. ‘कोबी’ हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या ‘कोव’वरून, वसई-गोव्याच्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही. फ्लॉवर त्यानंतर आला. त्याचे बी १८२२ साली इंग्लंडमधील क्यू येथील बागेतून आणून उत्तरेत सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम लावले गेले. म्हणजे आपल्या ताटात ही मंडळी पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली.

पाहुणे घरचे झाले तरी माहेरची थंडी विसरत नाहीत. कोबी हे मुळात दोन वर्षांचे झाड. पहिल्या वर्षी गड्डा धरावयाचा, कित्येक आठवडे कडक थंडी सोसावयाची, आणि मग दांडा काढून फुलावयाचे. ती थंडी माळशिरसला कोठून मिळणार? आमच्याकडे पौषात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. त्यामुळे आमचा कोबी गड्डा धरतो, बी धरत नाही. अशा जातींचे बी हिमाचलातील कुलू खोऱ्यासारख्या थंड मुलखात तयार होते. तेथे कटराईन येथे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. ज्वारीचे कणीस बियाण्यासाठी छपराला टांगून ठेवता येते, मेथीचा वाफा बियाण्यासाठी राखता येतो. कोबीसाठी मात्र दरसाल पुडी विकत घ्यावीच लागते.

फ्लॉवरचे तंत्र याहून नाजूक. त्याच्या हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा जाती असतात, आणि प्रत्येक जातीचा गड्डा ठरावीक उष्णमानातच धरतो. हळव्या जाती वीस ते सत्तावीस अंशांत गड्डा धरतात. ‘स्नोबॉल’सारख्या गरव्या जातींना दहा ते सोळा अंशांची थंडी हवी. हळवी जात उशिरा, थंडीच्या तोंडावर लावली तर झाड लहान असतानाच बटनाएवढा गड्डा धरून बसते. गरवी जात लवकर लावली तर पानांमागून पाने येत राहतात आणि गड्डा दिसत नाही. गड्डा धरल्यावर ऊन तापले तर तो घट्ट न राहता भाताच्या शितांसारखा मोकळा आणि खरखरीत होतो. बी चांगले, माती चांगली, खतपाणी चांगले, आणि तरी हाती काही नाही, असा प्रकार फ्लॉवरमध्ये घडतो तो बहुधा महिना चुकल्यामुळे. म्हणून पुडी घेताना नाव विचारण्याआधी “ही कोणत्या महिन्यातली?” असे विचारावे, हा आत्याबाईंचा पाठ होता.

आमच्या वहीतले वर्ष साधारण असे चालते. मृगात हळव्या फ्लॉवरचे बी गादीवाफ्यावर टाकावयाचे. वर सावली, कारण त्या दिवसांत ऊनही भाजते आणि वळवाच्या सरीही झोडपतात. आषाढात रोपे लावली की घटस्थापनेच्या सुमारास पहिले गड्डे निघू लागतात. श्रावण-भाद्रपदात निमगरवा फ्लॉवर आणि ऊन सोसणारा संकरित कोबी. तो दिवाळीच्या पुढेमागे काढणीस येतो. आमच्या भागात पावसाचा खरा भरवसा उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा. तो पाऊस जमिनीत मुरला म्हणजे चित्रा-स्वातीत मुख्य कोबी, नवलकोल आणि थंडीचा फ्लॉवर. ‘गोल्डन एकर’सारखा गोल, किलो-सव्वा किलोचा कोबी लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत तयार होतो, नवलकोल त्याच्याही आधी. नाताळाच्या ताटात आमच्या वाफ्यातला नवलकोल असतो तो यामुळे. शेवटची लावण जानेवारीच्या मध्यापर्यंत. मार्चनंतर या भावंडांना आम्ही रजा देतो आणि मुळ्याला बोलावतो. ‘पूसा चेतकी’ नावाचा मुळा उन्हाळ्यातही पोसतो आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उपटावयास येतो. ज्येष्ठात पेरलेला मुळा माउलींच्या पालखीच्या वेळी तयार असतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पालखी पुढे जाते, तेव्हा दिंड्यांच्या पंगतींना मुळा आणि त्याचा पाला देण्याची आमच्या घराची रीत आहे. वाटेवरच्या गावात राहून वाटसरूला भाजीही न देणे, हे कोणत्याच धर्माच्या माणसाला शोभणारे नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हंगाम कळला म्हणजे भाजी कळली असे होत नाही. कारण हंगाम सर्वांनाच कळतो. स्वातीत कोबी उत्तम येतो, हे गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक. म्हणून सारे गाव त्याच पंधरवड्यात लावते, साऱ्यांचा कोबी त्याच पंधरवड्यात भरतो आणि साऱ्यांची गाडी एकाच पहाटे बाजारात उभी राहते. पीक उत्तम आले आणि म्हणूनच घर बुडाले, असा उलटा हिशेब यातून निघतो. कोबी काही ज्वारी नव्हे की कणगीत भरून ठेवावा. गड्डा भरल्यावर शेतात दोन-तीन आठवडे तग धरतो. मध्ये पाणी जास्त झाले तर तडकतो. गड्डा हाताने अर्धा पिळून मुळे थोडी तोडली म्हणजे तडकणे काही दिवस लांबते, इतकाच उपाय. फ्लॉवरचे तर चार दिवसही हाती नसतात.

यावर आत्याबाईंची तोड साधी होती. दहा गुंठ्यांचे दहा वाफे पाडावयाचे आणि दर पंधरवड्याला एकच वाफा लावावयाचा. दीड फुटावर रोप धरले तर गुंठ्यात सुमारे पाचशे रोपे बसतात. मर, अळी, फूट वजा जाता चारशे गड्डे हाती लागले, तर दोन बाजारांना दोनशे-दोनशे होतात. तेवढे आम्ही दोघी डोक्यावरून आणि टेम्पोतून नेऊ शकतो आणि तेवढे गिऱ्हाईक ओळखीचे असते. दहावा वाफा लावून पहिल्याकडे परत येईपर्यंत पाच महिने होतात. कोबीने त्यांतले अडीच महिने घेतले, तर उरलेल्या काळात त्या वाफ्यात मेथी, घेवडा, कांदापात असे दुसऱ्या कुळाचे पीक निघते. एकाच जागी कोबीवर कोबी घेतला तर घाण्या रोगासारखी दुखणी मातीत घर करतात. ही फेरपालट आपोआप होऊन जाते.

तोड साधी, पण पाळावयास फार कठीण. संकरित कोबीची दहा ग्रॅमची पुडी फोडली की तिच्यात अडीच-तीन हजार बिया असतात. महाग बी, पाऊस चांगला, जमीन मोकळी. एवढे सारे अनुकूल असताना सहाशे बिया टाकून उरलेली पुडी बंद करणे मनाला पटत नाही. समोर नऊ वाफे रिकामे दिसत असतात, आणि शेजारी विचारतात, “रान पडीक का ठेवलं?” पहिल्या वर्षी आमचेही हात शिवशिवले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “पुडी फोडली म्हणून सगळं बी आजच मातीत घालायचं का गं? पुढच्या पंधरवड्याला काय घालशील?” बी कोरडे आणि थंड जागी ठेवले तर या कुळाचे बी दोन-तीन वर्षेही उगवते. स्टीलच्या लहान डब्यात, खाली मूठभर भाजलेले तांदूळ आणि वर कागदात गुंडाळलेली पुडी, अशी त्यांची पेढी होती. रिकामा वाफा हा पडीक वाफा नव्हे. तो पुढच्या पंधरवड्याचा वाफा आहे, हे आम्हांला हळूहळू उमगले.

या साऱ्यात मोहरीचे काम वेगळेच आहे. कोबीचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. राखी रंगाचा, बोटाच्या पेराहूनही लहान. पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनी नक्षी दिसते. त्याची हिरवी अळी पान खरवडून नुसता पापुद्रा ठेवते. ही कीड औषधांना लवकर सरावते, डी.डी.टी.ला ती दाद देईनाशी झाल्याची नोंद जावा बेटावर १९५३ सालीच झाली होती. म्हणून फवाऱ्यावर फवारे मारीत सुटणे हा मार्ग नव्हे. बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेने एक युक्ती रूढ केली. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. एक कोबीच्या लावणीआधी पंधरा दिवस पेरावी, दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी अधिक आवडते. तो मोहरीवर अंडी घालतो आणि फवारणी मुख्यतः मोहरीवर करून भागते. आमच्या गुंठ्याच्या वाफ्यात बावीस-तेवीसच ओळी बसतात, म्हणून दोन्ही कडांना मोहरीची एकेक ओळ पुरते. कोबीवर अळी दिसलीच तर शंभर लिटर पाण्यास पाच किलो निंबोळीच्या चुरीचा अर्क.

मोहरीचा दाणा आणि कोबीचा दाणा तळहातावर शेजारी ठेवले तर जाणत्या माणसालाही कोणता कोणता हे चटकन सांगता येत नाही. शुभवर्तमानातील मोहरीच्या दाण्याचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्यात दाणा मोठा होतो आणि पाखरे त्याच्या आश्रयास येतात. त्या देशी काळी मोहरी पुरुषभर उंच होते, असे म्हणतात. आमची मोहरी कमरेएवढीच. तिच्या आश्रयास येतात ती पाखरे नव्हेत, पतंग येतात, आणि ती दुसऱ्यावरचे संकट अंगावर घेऊन वाफ्याच्या कडेला उभी राहते. दाखल्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आमचा नाही. पण मोहरीची ओळ पेरताना तो दाखला आठवल्यावाचून राहत नाही.

वर्ष संपले तेव्हा वही पुढ्यात ठेवून बेरीज केली. दहा गुंठ्यांच्या भाजीचा पैसा दहा गुंठ्यांच्या उसाहून बराच अधिक भरला. तथापि धाकट्या भावाने रास्त प्रश्न विचारला, “तुमची दोघींची मजुरी धरली का?” ती धरली तेव्हा फरक थोडाच उरला. आम्ही ती बेरीज खोडली नाही. आकडा आकड्याच्या जागी राहिला. परंतु त्याच वहीत दुसराही एक आकडा होता. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी चव्वेचाळीस आठवडे घरात काही ना काही पैसा आला होता. थोरल्या भावाने पाने पुन्हा उलटून पाहिली आणि दहा गुंठ्यांचा विषय पुढे काढला नाही.

त्या आकड्याची किंमत पुढे कळली. २०१८ साली परतीच्या पावसाने पाठ फिरवली. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; सोलापूर जिल्ह्यातील तालुकेही त्यांत होते. कालव्याच्या पाळ्या लांबत गेल्या. मागच्या रानातला ऊस डोळ्यांदेखत वाळला, आणि त्याच्यासाठी काहीच ठरवता येईना. दीड वर्षाचा डाव एकदाच मांडलेला असतो. विहिरीला सकाळी तासभर मोटार चालेल एवढेच पाणी राहिले. आम्ही ठिबकच्या नळ्या गोळा केल्या आणि दर पंधरवड्याला विहिरीत डोकावून ठरवू लागलो, की या खेपेस एक वाफा, का अर्धा, का काहीच नाही. दहापैकी चारच वाफे हिरवे राहिले. पण त्या चारांनी शाळेची फी भागवली आणि दावणीच्या दोन गायींना कोबीचा पाला पुरवला.

दुसरी परीक्षा २०२० साली झाली. २५ मार्चपासून देश बंद झाला, बाजार उठले. ज्यांचा एकरभर कोबी त्याच आठवड्यात भरला होता त्यांच्या घरची अवस्था आठवली तरी अंगावर काटा येतो. आमच्याकडे त्या दिवशी भरलेला वाफा एकच होता, शेवटच्या लावणीचा. तो आम्ही उपवासकाळाच्या उरलेल्या दिवसांत वाडी-वस्तीवर घरोघर वाटला. कोणी पैसे दिले, कोणी ताक दिले, कोणी नुसतेच हात जोडले. १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण आला तेव्हा देवळाची दारे बंद होती. पण आमच्या कोबीची भाजी वस्तीवरच्या कित्येक चुलींवर शिजली होती. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी पालखीही पायी आली नाही. तेव्हा मुळ्याचा वाफा आम्ही निम्माच पेरला. पंधरवड्याच्या हिशेबात असे हात आखडणे जमते.

आत्याबाई आता थकल्या आहेत. वाफ्यापर्यंत येणे होत नाही, ओसरीवरून विचारतात, “आज कितवा?” आम्ही वाफ्याचा आकडा सांगतो आणि त्या बोटांवर महिना मोजून मान हलवतात. धाकटीची मुलगी बारामतीला शिकते. सुट्टीत आली की ब्रोकोली लावून बघू म्हणते. मधला गड्डा काढल्यावर बगलेतून लहान फुटवे येत राहतात आणि एकाच झाडाची काढणी काही आठवडे चालते, हे तिने वाचून सांगितले. येत्या हिवाळ्यात चौथ्या वाफ्याच्या दोन ओळी तिच्या नावे लिहिल्या आहेत.

वाचकांपैकी ज्यांच्या परसात, वाडीत अथवा गच्चीवर चार हात जागा असेल, त्यांनी या कुळाचे काहीतरी जरूर लावावे. वीस रोपे एकदम लावू नयेत. पाच आज, पाच पंधरा दिवसांनी, पाच त्यानंतर, अशी लावावीत, म्हणजे एकाच आठवड्यात वीस गड्डे शेजाऱ्यांच्या गळ्यात मारण्याची पाळी येणार नाही. कडेला चिमूटभर मोहरी टाकावी. उरलेले बी डब्यात ठेवावे, आणि डब्याच्या झाकणावर पुढच्या लावणीची तारीख लिहून ठेवावी.